शपथ घालणाऱ्याची साक्ष

एकतीस वर्षं मी तालुक्याच्या कोर्टात लोकांना शपथा घातल्या. धर्मानं मी ख्रिस्ती, आणि आमच्या प्रभूचं शिष्यांना सांगणं असं की शपथ घ्यायचीच नाही. व्हय असेल तर व्हय म्हणायचं, न्हाई असेल तर न्हाई म्हणायचं, तेवढंच पुरे. ही दोन ओझी एका खांद्यावर कशी वाहिलीत, असं अधूनमधून कुणीतरी विचारतं. खरं सांगायचं तर नोकरीत असताना अडचण कधी आलीच नाही, कारण शपथ दुसऱ्यानं घ्यायची होती. अडचण आली ती निवृत्त झाल्यावर.

माझ्या नोकरीचं नाव दलायत. म्हणजे कोर्टाचा शिपाई. पांढरा पोशाख, छातीवरून तिरपा लाल पट्टा. न्यायाधीश आत आले की सगळ्यांना उभं करायचं, दारात थांबून पक्षकारांची नावं तीनदा पुकारायची आणि साक्षीदार पिंजऱ्यात आला की त्याला शपथ घालायची. आमच्या सीमाभागातला माणूस घरात मराठी, बाजारात कन्नड आणि भांडताना दखनी उर्दू बोलतो, त्यामुळं शपथ मला तिन्ही भाषांत पाठ होती. सिनेमा बघून आलेले साक्षीदार आत आल्याबरोबर हात पुढं करून उभे राहायचे. आमच्याकडं कुठलंच पुस्तक नव्हतं. "हात कशावर ठेवू?" असं ते विचारायचे आणि मी सांगायचो, "खाली सोडा."

नोकरी लागली त्या दिवशी मी हळ्ळीखेडला घरी गेलो. अप्पा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबले आणि रविवारी आमच्या मंडळीचे पंच म्हणून पुढच्या बाकावर बसले. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. अप्पा जेवायलते.

"काम काय हाय?" त्यांनी विचारलं.

"लोकांना शपथ घालायचं."

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आन् शपथ घातल्यावर ते खरं बोलतेत का?"

"ते माझं काम न्हाई, अप्पा. माझं काम नुसतं घालायचं."

"मंजे दारू विकणारा म्हणतो तसं झालं. मी पीत न्हाई, विकतो."

नोकरी सोड असं मात्र ते म्हणाले नाहीत. पगार त्यांनाही दिसत होता. एवढंच म्हणाले, "लोकांचं जाऊ दे. शिष्य कोण, तर मास्तर वर्गात नसताना बी पाठ म्हणणारा. तू तुझा पाठ म्हण."

त्या काळात हे वाक्य मला फार सोपं वाटलं होतं.

साक्षीदार खोटं कसं बोलतात हे माझ्याइतकं कुणी जवळून पाहिलं नसेल. पिंजऱ्यापासून मी हातभर अंतरावर. कुणी आधी घसा साफ करायचा, कुणी छताकडं बघायचा, आणि पढवून आणलेला साक्षीदार प्रश्न पुरा व्हायच्या आतच 'व्हय' म्हणायचा. एकदा एकाला नाव विचारलं तर त्यालाही 'व्हय' म्हणाला.

पण लक्षात राहिली ती गंगव्वा. बांधावरचं लिंबाचं झाड कुणाचं, असा दावा होता. गंगव्वा सत्तरीच्या पुढची, डोक्यावर पदर, हातात पिशवी. मी सुरू केलं, "देवाच्या नावानं शपथ घेऊन सांगते..."

"थांब जरा," ती म्हणाली. "देवाला कामून मधी आणायलास?"

"आज्जी, शपथ असते. घ्यावी लागते."

"वकिलानं काय बोलायचं ते मला शिकवलंय. मी बोलते तेवढं. त्यात देवाचं काय काम? उद्या त्याच्याकडं मलाच जायचंय, वकील येणार न्हाई सोबत."

न्यायाधीशसाहेबांनी पेन खाली ठेवलं. तिचे वकील पंख्याकडं बघायला लागले. एवढं सरळ बोलणं मी त्या पिंजऱ्यातून आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. गंगव्वा कुठल्या चर्चला जात नव्हती. तरी पुढं कितीतरी दिवस उपासनेला बसलो की मला तिचीच आठवण यायची.

आता शिवलिंगप्पाअण्णांविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढं जात नाही. हळ्ळीखेडच्या बाजारात त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. माणूस वाईट नाही. कुणाच्याही घरी लग्न असलं की मोठी पातेली वापरायला देणार, जात-धर्म विचारणार नाही. फक्त पातेलं परत आलं की बोटानं वाजवून म्हणणार, "आवाज बदललाय."

फार वर्षांपूर्वी दुकानाच्या मागच्या भिंतीवरून त्यांचा एक दावा आमच्या कोर्टात होता. तारखेला मी दारात उभा राहून त्यांचं नाव तीनदा पुकारलं. अण्णा रस्त्यापलीकडं मिरची भजी खायलते. पक्षकार हजर नाही म्हणून दावा निकालात निघाला. अण्णांनी भज्यांना दोष दिला नाही, मला दिला. "हळू ओरडला," असं त्यांनी गावभर सांगितलं, आणि पुढची अकरा वर्षं सांगत राहिले. मी बाजारातून निघालो की मुद्दाम गिऱ्हाईकाला म्हणायचे, "बघा, कोर्टाचा आवाज जायलाय. ऐकू येतोय का?"

वैऱ्यावर प्रेम करा, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून रोजच्या प्रार्थनेत मी अण्णांचं नाव घ्यायचो. घेताना दात आवळलेले असायचे, पण घ्यायचो.

तिसरा माणूस सुंदर. माझ्या बायकोचा, शांताचा, धाकटा भाऊ. त्याची स्वतःची गाडी होती, शाळेची मुलं ने-आण करायची. शिवाय आमच्या चर्चच्या गायनमंडळाचा तो मास्तर. त्याच्यात ड्रायव्हर आणि गायनमास्तर अशी दोन माणसं राहायची, आणि दोघांत मान एकच होती. कुणाचा सूर चुकला की ती मान वळायची, मग खाली रस्ता असो की नसो. म्हणून मी एक नियम केला होता. सुंदरनं गाडी सुरू केली की मी डोळे मिटायचो आणि पोचेपर्यंत प्रार्थना करायचो.

माझ्या निवृत्तीनंतर दोन-अडीच वर्षांनी एका रविवारी शेजारच्या वाडीत सुगीचा सण होता. या सणाला पीक घरात आल्यावर पहिली कणसं, भोपळे, कोंबड्या देवाला वाहतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव करतात. आमचं गायनमंडळ तिथं गायला गेलं होतं. लिलावात सुंदरनं एक तांबडा कोंबडा घेतला. परत निघताना मागं मंडळातली सात माणसं आणि चार भोपळे, पुढं सुंदर आणि मी, आणि कोंबडा माझ्या मांडीवर. ऊन उतरायला लागलेलं, पोट भरलेलं, गाडीत गायन चाललेलं. मी नेहमीप्रमाणं डोळे मिटले. पण कोंबडा माझ्या सदऱ्याच्या गुंडीवर चोच मारायला लागला, तेव्हा उघडावे लागले.

आणि म्हणून मी पाहिलं. हळ्ळीखेडच्या बाजारात गाडी शिरली, सुंदरची मान वळली, गाडी डावीकडं गेली आणि शिवलिंगप्पाअण्णांच्या दुकानापुढच्या मांडणीवर चढली.

आवाज असा झाला की लोक वरात आली म्हणून बाहेर आले. घागरी, कळशा, पराती उतारानं पार बसस्टँडपर्यंत गेल्या. अण्णा स्टुलावर बसलेले, ते स्टुलासकट आडवे झाले आणि त्यांच्या अंगावर तीन घागरी पडल्या. आमच्यातल्या कुणाला काही झालं नाही. कोंबडा खिडकीतून गेला तो परत आला नाही.

अण्णा उठले. घागरी बाजूला केल्या, दोन पराती उचलून आत ठेवल्या, एकीला पोचा आला का ते उन्हात धरून बघितलं. मग त्यांची नजर गाडीकडं गेली आणि पुढच्या सीटवर मी दिसलो. तेव्हा ते खाली बसले आणि पाय धरून म्हणाले, "मोडला."

पोलीस आले. जमादारानं मला विचारलं आणि मी जे बघितलं ते सांगितलं. एकतीस वर्षांची सवय. त्यांनी लिहिलं, मी सही केली. सही करताना मला कळायला हवं होतं की आपण प्रत्यक्ष साक्षीदार झालो.

आम्ही तडजोडीला गेलो. सुंदरनं हात जोडले, भांड्यांची भरपाई देतो म्हणाला. अण्णा म्हणाले, "कोर्टातच बघू. तिथं तुमच्या दाजीचा आवाज निघतोय का ते बी बघायचंय मला."

बेफिकिरीनं गाडी चालवल्याचा खटला उभा राहिला आणि दीड वर्षानं माझ्या नावाचं समन्स आलं. घेऊन आला तो माझाच जुना सोबती. "आता बसा पिंजऱ्यात," म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

त्या रविवारी उपासनेनंतर सुंदर घरी आला. बसला, उठला, परत बसला.

"दाजी, वकिलाशी बोललो. ते म्हणले, तुमच्या दाजीला खोटं बोलायची गरजच न्हाई."

"मग?"

"तुमी एवढंच म्हणायचं. मी डोळे मिटून प्रार्थना करायलतो, मला काय दिसलं न्हाई."

शांता आतून बाहेर आली. "त्यात खोटं काय हाय? तुमी मिटताच की डोळे. समद्या गावाला म्हाईत हाय."

"त्या दिवशी उघडे होते."

"इतकी वर्षं मिटले, त्यातला एक दिवस. देव काय तेवढं बघत बसंल?"

"तोच तेवढं बघत बसतो, शांते."

सुंदर हळू आवाजात म्हणाला, "दाजी, लायसन गेलं तर शाळा दुसरी गाडी लावंल. मग मी काय करू? दोन पोरी हायेत."

हे खरं होतं. मी कोर्टात शेकडो साक्षीदार फितूर होताना पाहिले होते आणि मनात त्यांना हसलो होतो. त्या दुपारी पहिल्यांदा मला कळलं की त्यातल्या कितीकांच्या घरी आदल्या दिवशी असाच कुणीतरी सुंदर येऊन बसला असेल.

चार दिवसांनी आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले. वयानं लहान, स्वभावानं मऊ. मंडळीच्या पंचांनी त्यांना पाठवलं होतं हे त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. तीन कप चहा झाला. पावसाविषयी बोलले, तुरीविषयी बोलले. शेवटी म्हणाले, "काका, दोन्हीकडून विचार करावा. सत्यबी हाय, प्रेमबी हाय. मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो."

"डोळे मिटून का उघडे ठेवून?" मी विचारलं.

ते बिचारे लाजले आणि चौथा कप नको म्हणाले.

तारखेच्या दिवशी कोर्टात गेलो. माझ्या जागी मैनोद्दीन होता, तोच पट्टा लावून. त्यानं माझं नाव पुकारलं, तीनदा. मी पहिल्याच हाकेला त्याच्यासमोर उभा होतो, तरी तीनदा. नियम आहे. मी पिंजऱ्यात चढलो. तिथून ती खोली इतकी वेगळी दिसेल असं वाटलं नव्हतं. पंखा नेमका डोक्यावर येतो आणि तरी घाम सुटतो.

मैनोद्दीन कानाजवळ येऊन म्हणाला, "भाई, तुमकू मैं क्या सिकाना? तुमीच बोल लेव."

मी न्यायाधीशबाईंना कन्नडमध्ये सांगितलं की मला देवाची शपथ नको, मी प्रतिज्ञेवर सांगतो. कायद्यात तशी सोय आहे. ज्याच्या मनाला शपथ पटत नाही त्यानं नुसतं 'खरं सांगेन' असं प्रतिज्ञेवर म्हटलं तरी चालतं. एकतीस वर्षांत ही सोय कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही एवढी वर्षं लोकांना देवाची शपथ घातली आणि स्वतःला नको?"

"मॅडम, ती नोकरी होती. आता निवृत्त झालोय."

सरकारी वकिलांनी विचारलं, मी सांगितलं. गाडी सुंदर चालवत होता. मी शेजारी बसलो होतो. धडकेच्या वेळी त्याचं लक्ष समोर नव्हतं, गायनाकडं होतं. मान वळलेली होती. एवढं बोलून झालं आणि मी सुंदरकडं पाहिलं नाही. पाहवलं नाही.

मग सुंदरचे वकील उठले. तरणे, हुशार.

"तुम्ही श्रद्धाळू माणूस आहात?"

"प्रयत्न करतो."

"सुंदर गाडी चालवतात तेव्हा तुम्ही डोळे मिटून प्रार्थना करता?"

"व्हय. नेहमी."

"नेहमी." वकिलांनी तो शब्द मॅडमना नीट ऐकू जाईल असा म्हटला. "म्हणजे त्या दिवशीसुद्धा..."

"त्या दिवशी मांडीवर कोंबडा होता."

मॅडमनी लिहिणं थांबवलं. "काय होतं?"

"कोंबडा, मॅडम. तो चोच मारायलता. चोच मारणारा कोंबडा मांडीवर असला की प्रार्थना होत न्हाई."

टायपिस्टनं मॅडमकडं बघून विचारलं, हे घ्यायचं का. मॅडम म्हणाल्या, घ्या. मैनोद्दीन खोलीला पाठ करून भिंतीकडं बघत उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते.

वकिलांनी रस्ता बदलला. "बरं. फिर्यादी खाली पडले. मग उठले का?"

"उठले."

"उठून काय केलं?"

"पराती आत ठेवल्या."

"चालत?"

"चालत."

"मग पाय कधी मोडला?"

"ते मला सांगता येणार न्हाई. पाय त्यांनी मला बघितल्यावर धरला."

निकाल लागला तो असा. सुंदरला दंड झाला आणि लायसन सहा महिन्यांसाठी गेलं. पाय मोडल्याचं अण्णांचं म्हणणं कोर्टानं मानलं नाही. त्या दिवशी व्हरांड्यात एका खांबाला टेकून सुंदर उभा, दुसऱ्या खांबाला टेकून शिवलिंगप्पाअण्णा, आणि दोघंही माझ्याकडं सारख्याच नजरेनं बघत होते. अपघातापासून त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

सुंदरनं माझ्याशी बोलणं सोडलं. चर्चमध्ये मी उजवीकडं बसलो की तो डावीकडं. गाडीवर त्यानं दुसरा ड्रायव्हर ठेवला आणि कसंबसं शाळेचं काम टिकवलं. घरात शांता जेवायला वाढायची, पण 'अजून घ्या' म्हणायची नाही. आणि मी? खरं सांगतो, मी आतून फुगलो होतो. बाजारात एक-दोघांनी नमस्कार केला, एकानं 'असा माणूस पाहिजे' म्हटलं. अप्पांचा पाठ आपण सगळ्यांसमोर म्हणून दाखवला, असं मला वाटत होतं.

एके दिवशी शांता तुरीची डाळ निवडायलती. मान वर न करता म्हणाली, "खरं बोललाव, ते झालं. निकालाला दोन महिने होऊन गेले. सुंदरच्या घरी एकदा तरी गेलाव का?"

"मी कामून जाऊ? राग त्याला आलाय. त्यानं यावं."

"दंड त्यानं भरला. लायसन त्याचं गेलं. पायी त्यो हिंडायलाय. तुमचं काय गेलं?"

ती पुढं म्हणाली, "आपल्यात काय सांगितलंय? भावाच्या मनात आपल्याविषयी काय असंल तर आधी त्याच्याकडं जा, मग देवाकडं या. का हे तुमच्या कोर्टात चालत न्हाई?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. सुंदर अंगणात गाडी धुवायलता. चालवायला मनाई होती, धुवायला नव्हती. मी कट्ट्यावर बसलो. त्यानं एक टायर धुतलं, दुसरं धुतलं. मी म्हणालो, "सुंदर, तुला त्रास झाला. मला वाईट वाटतंय. पर मी जे बघितलं तेच बोललो."

तो फडकं पिळत उभा राहिला. "दाजी, एक विचारू? त्या टायमाला मी कोणाकडं बघायलतो?"

"गायनमंडळाकडं."

"दाजी. मंडळ मागं होतं. माझी मान डावीकडं वळली होती. डावीकडं कोण होतं?"

मी धुतलेल्या टायरकडं बघायला लागलो.

"कोण होतं?"

"मी."

"आन् मी तुमच्याकडं कामून बघायलतो?"

कोंबड्यानं चोच मारली, मी डोळे उघडले, हे मी कोर्टात सांगितलं होतं. डोळे उघडल्यावर मी काय केलं ते कुणी विचारलं नव्हतं. प्रार्थना मोडलीच आहे तर निदान गावं, म्हणून मी गायला लागलो होतो. मनापासून, मोठ्यानं.

"समदे दुसरं कडवं म्हणायलते," सुंदर म्हणाला. "तुमी तिसरं धरलाव. आन् ते बी त्या गायनाचं न्हाई, दुसऱ्याच गायनाचं. मला वाटलं तुमाला काय झालं का काय, म्हणून मी बघितलो."

अंगणात पाणी वाहत माझ्या चपलेपर्यंत आलं. मी पाय उचलले नाहीत. एकतीस वर्षं मी व्हरांड्यात घाबरलेल्या साक्षीदारांना एकच सल्ला दिला होता: विचारलं तेवढंच बोला. स्वतःच्या वेळी मी तो इतका नीट पाळला की विचारलं नव्हतं ते माझं मलाही आठवू दिलं नाही.

"हे तू कोर्टात कामून बोलला न्हाईस?"

"वकील नको म्हणले. ते म्हणले, कसं बी झालं तरी मान तुमचीच वळली. खरंच हाय ते. चूक माझीच हाय, दाजी. मी नाकारत न्हाई. पर तुमी तिथं धुतलेल्या तांदळावानी उभे होता, ते मला लागलं."

आमच्या भाषेत एक गंमत आहे. कोर्टात देतात तीही साक्ष, आणि चर्चमध्ये उभं राहून देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतात तीही साक्षच. पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी मी उठलो. तिथं पिंजरा नाही, शपथ नाही, उलटतपासणी नाही. तरी मी पुढच्या बाकाची पाठ धरूनच उभा राहिलो. मी सांगितलं की अपघाताच्या वेळी मी चुकीचं कडवं गात होतो, म्हणून सुंदरची मान वळली. ही गोष्ट मी कोर्टात सांगितली नाही, आणि सगळं खरं सांगितलं अशा तोऱ्यात इतके दिवस हिंडलो. त्याबद्दल मंडळीची आणि सुंदरची माफी मागतो.

कुणी चकित झालं नाही. गायनमंडळातल्या सुमित्राअक्का, ज्या त्या दिवशी माझ्या मागंच बसल्या होत्या, मान डोलवत म्हणाल्या, "आमाला म्हाईत होतं."

"अक्का, मग एवढे दिवस बोलला कामून न्हाईत?"

"तुमी इतकं मन लावून गाता. वाईट वाटलं असतं तुमाला."

असं कळलं की माझं गाणं कसं आहे हे साऱ्या मंडळीला पंचवीस वर्षं माहीत होतं आणि दया म्हणून कुणी बोललं नव्हतं. पाळकांनी डोळे मिटून प्रार्थना केली. ती लांबली. मला वाटतं त्यांना हसू आवरायला वेळ हवा होता.

तेच मी शिवलिंगप्पाअण्णांनाही जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, एक पेला पुसून जागेवर ठेवला आणि म्हणाले, "मंजे माझा दावा होता तवा हळू ओरडलाव आन् माझं दुकान होतं तिथं मोठ्यानं गायलाव. नुकसान दोन्ही बारीला माझंच." मग आत हाक मारून चहा सांगितला. दोन कप. माझ्याविषयी ते अजूनही बाजारात बोलतात, पण शेवटी आता एक वाक्य जोडतात, "खोटं मात्र बोलत न्हाई." आणि मी त्यांचं नाव प्रार्थनेत घेतो तेव्हा दात मोकळे असतात. निदान बहुतेक वेळा.

सुंदर लगेच बोलायला लागला असं नाही. साक्ष दिली त्या रविवारी तो डावीकडंच बसला होता. पुढच्या रविवारी मधल्या बाकावर आला. सहा महिने पुरे झाले, लायसन परत मिळालं आणि एके दिवशी दारात गाडीचा हॉर्न वाजला.

"दाजी, रविवारी खजुरीला गायनाचं बोलावणं हाय. यायलाव का?"

"येतो."

"मागच्या सीटवर बसायचं."

"बसतो."

"आन् ओठ हलवायचे. आवाज काढायचा न्हाई."

शांता दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

मी गेलो. मागच्या सीटवर, सुमित्राअक्कांच्या शेजारी. वाटेत गायन सुरू झालं. मी ओठ हलवत राहिलो. वैऱ्याचं नाव घेणं, घरच्या माणसाविरुद्ध खरं बोलणं, चारचौघांत माफी मागणं, हे सगळं मी थोडंफार केलेलं होतं. पण आवडतं गायन चालू असताना गप्प बसण्याइतकं कठीण काम शिष्य म्हणून माझ्याकडून आजवर कुणी मागितलं नव्हतं.

सुंदर सगळा रस्ता समोर बघत होता. खजुरी दोन-तीन मैलांवर राहिली तेव्हा तो मान न वळवता म्हणाला, "दाजी."

"काय?"

"दुसरं कडवं येतंय का नीट?"

"येतंय."

"म्हणा मग."

मी म्हणालो. सुमित्राअक्कांनी माझ्या मनगटावर बोटानं ताल धरला होता. गाडी सरळच चालली होती.